बुडालेल्या कातिबाचा हात

तसनीमबींनी रुमालाची गाठ सोडली आणि हिरव्या काचेच्या बांगड्या टेबलावर ठेवल्या. त्यांच्या शेजारी ‘सुरखाब डायजेस्ट’चा ताजा अंक ठेवला.

“या घालू की फोडू, एवढंच सांगा साहेब,” त्या म्हणाल्या. “मौलवीसाहेबांना विचारलं, ठाण्यावर विचारलं. कुणी सांगेना.”

नादिर कांगांनी चष्मा कपाळावर चढवला. विमा कंपनीत जन्मभर खोटे दावे हुडकून काढलेला हा म्हातारा पारशी आता कराचीच्या सदर बाजारात, एका बेकरीच्या माडीवर, खाजगी तपासाचं दुकान चालवत होता. डोकं त्यांचं आणि पाय शकूरमियांचे, अशी कामाची वाटणी होती. शकूरनं अंक पाहिला आणि हळूच स्वतःचा खण बंद केला. त्या खणात तोच अंक होता, पान दुमडलेला.

तसनीमबींचे यजमान शफकत हुसेन हे सुरखाबचे मुख्य कातिब. छापून येणारं पानन् पान आधी बोरूनं हातानं लिहायचं, मग त्याचा फोटो काढून छापायचा, हे कातिबाचं काम. सगळे त्यांना मुन्शीजी म्हणत. पावसाळा सरताना ते किमाडी बंदरातून मनोरा बेटावरच्या दर्ग्याला निघाले आणि वाटेत होडी उलटली. बाकीच्यांची प्रेतं मिळाली, मुन्शीजींचं मिळालं नाही.

“महिनाभर वाट पाहिली. मग बांगड्या उतरवल्या. अन्न जाईना. आणि त्या महिन्याचा अंक आला, जरा उशिराच आला. त्यात ‘बंद विहीर’ ही दरमहा येणारी गोष्ट यांच्याच हातची होती.” तसनीमबींनी अंकावर बोट ठेवलं. “मी बांगड्या चढवल्या आणि पोटभर जेवले. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. पण माणूस काही घरी येत नाही, म्हणून पुन्हा उतरवल्या. जिवंत असेल तर येत का नाही? आणि नसेल, तर लिहितं कोण? रोज त्यांचं ताट वाढते. दाराला आतून कडी लावत नाही, न जाणो येतील. मी बायको आहे की बेवा, तेच मला ठाऊक नाही, साहेब. बेवेनं चार महिने घरात बसायचं असतं, पण त्या इद्दतीला मी बसायचं तरी कुणाच्या नावानं?”

“हात त्यांचाच आहे, याची खात्री?”

“ज्याच्या शाईचे डाग आयुष्यभर कुडत्यावरून धुतले, त्याचा हात मी ओळखणार नाही?”

गोष्ट सगळ्या कराचीला माहीत होती. पानवाल्यांपासून ट्रामच्या कंडक्टरपर्यंत सगळे म्हणत, की बुडालेला मुन्शी पाण्यातून येऊन विहिरीची गोष्ट लिहून जातो. अंक बाजारात आला की दुपारपर्यंत संपत होता.

कांगांनी बांगड्या पुन्हा रुमालात बांधून तसनीमबींच्या हातात दिल्या. “काही दिवस घालूही नका आणि फोडूही नका,” ते म्हणाले.

सुरखाबची कचेरी पाकिस्तान चौकाजवळ होती. मालक-संपादक हाशिम रझा यांनी चहा मागवला आणि न विचारता इतिहास सुरू केला, कारण तो त्यांच्या पुढ्यातच पडला होता. डायजेस्टचा जयंती अंक निघत होता आणि त्यांनी स्वतः ‘सुरखाबची वाटचाल’ असा लेख लिहिला होता.

फाळणीनंतर ते लखनौहून आले ते परदेशी मासिकांनी भरलेली ट्रंक घेऊन. त्यातून कात्री चालवायची. खोल समुद्रातले मासे, नरभक्षक वाघ, यकृताचं आरोग्य, बर्फात अडकून वाचलेला माणूस, तळाला दोन ओळींचा विनोद. आठ पानांचं दोन पानांत आणायचं. जगाचं सगळं ज्ञान एका मुठीत, अशी त्यांची जाहिरात होती. पण लोकांना ज्ञान नको होतं. गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीत परत येत.

“मग नामवंत लेखक फरहाद सीमाबींची ‘बंद विहीर’ सुरू झाली,” हाशिमसाहेब म्हणाले, “आणि आम्हाला सुरखाबचे पंख फुटले.”

ती गोष्ट शकूरला तोंडपाठ होती. एका गावात नवरा विहिरीत उतरतो आणि वर येत नाही. पण त्याची हाक येत राहते. बायको दोर धरून काठावर बसते, आणि त्या विहिरीच्या पोटातून वर्षानुवर्षं एकेक भयंकर गोष्ट वर येते.

कांगांनी विचारलं, लेखात मुन्शीजींबद्दल काय आहे. हाशिमसाहेबांनी शोधून एक ओळ दाखवली. मरहूम मुन्शीजींच्या सुबक अक्षरानं अंकाची शोभा वाढवली, एवढीच.

“सीमाबींचं हस्तलिखित तुम्ही तपासायचात?”

“छे! फार तऱ्हेवाईक माणूस. हस्तलिखित मुन्शीजींशिवाय कुणाच्या हाती द्यायचं नाही, ही त्यांची अट. माझ्याकडे थेट लिहिलेली पानं यायची. खप असा चढत होता, मी कशाला वाकड्यात शिरू?”

“आणि आता?”

हाशिमसाहेबांनी आवाज खाली आणला. दाराबाहेर वाचकांच्या पत्रांची पेटी होती. महिन्यातून एकदा सकाळी तिच्यात कापडात गुंडाळलेली पानं मिळत. जुम्मा शिपायानं ती काढली तेव्हा त्याची पाचावर धारण बसली, कारण कापडाला समुद्राचा वास येत होता. आता जुम्मा कुराणातली आयतल कुर्सी म्हटल्याशिवाय पेटी उघडत नाही.

ते कापड हाशिमसाहेबांनी जपून ठेवलं होतं. शकूरनं ते हुंगलं. खारट, माशाचा वास होता. त्यानं ते घाईनं खाली ठेवलं आणि पँटला हात पुसले.

मुन्शीजींची खोली तशीच राखली होती. भिंतीला टेकलेली उशी, पुढे मळकी चटई, बोरूंचा डबा, दौतीत सुकून तडकलेली शाई. उशीला अजून पाठीचा खड्डा होता. शकूरला वाटलं, आपण मोठ्यानं बोललो तर कुणीतरी मान वर करून बघेल.

त्यांचा शागीर्द यामीन आता मुख्य कातिब झाला होता. पोरगा भला होता, पण खोलीत येताना त्यानं उंबऱ्याबाहेरूनच सलाम केला. लंगडत आला आणि उशी सोडून लांब बसला.

“उस्तादांसारखं तू लिहू शकतोस?” कांगांनी विचारलं.

“त्यांच्यासारखं, हो. त्यांचंच, नाही.” यामीननं दोन पानं शेजारी ठेवली. “उस्ताद जुन्या रीतीचे. उजवा गुडघा वर, त्यावर पाटी, आणि लिहायचं. माझा गुडघा सायकलवरून पडून मोडलाय. मी टेबलावर लिहितो.”

कांगांनी पट्टी लावून पाहिली. यामीनच्या ओळी सरळ होत्या. मुन्शीजींची प्रत्येक ओळ शेवटाकडे केसभर वर चढत होती. मग त्यांनी नवी, समुद्रातून आलेली पानं घेतली. त्या ओळीही केसभर वर चढत होत्या.

“बघा,” शकूर पुटपुटला. “गुडघासुद्धा त्यांचाच.”

कांगांनी लक्ष दिलं नाही. ते एक जुनं पान खिडकीच्या काचेवर धरून बघत होते. कागदावर इथे-तिथे चौकोनी सावल्या होत्या. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं.

“चिप्प्या आहेत. ही कातिबांची जातच चुकणारी, साहेब.” यामीन हसला. “समजा मूळ कागदावर ‘दरवाजा’ शब्द आलाय, आणि चार ओळी खाली पुन्हा ‘दरवाजा’. कातिब पहिला दरवाजा लिहितो, बोरू दौतीत बुडवतो, मान वर करतो, तर नजर पडते खालच्या दरवाज्यावर. मधल्या ओळी गेल्या. मग मूळ कागदाशी ताडून पाहायचं, सुटलेलं बारीक अक्षरात लिहायचं आणि चिप्पी डकवायची. छापल्यावर दिसत नाही, उजेडात धरलं की दिसतं.”

“तुझे उस्तादही चुकायचे?”

“का नाही? वाघाच्या शिकारीत चिप्प्या, यकृतात चिप्प्या. फक्त विहिरीत कधी नाही. आम्ही थट्टा करायचो, तर म्हणायचे, विहिरीला चिप्पी लागत नाही.”

कांगांनी कपाटातले ‘बंद विहीर’चे जुने कागद मागवले आणि एकेक करून उजेडात धरले. सगळे स्वच्छ. मग नवी पानं धरली. पहिल्याच पानावर एक चौकोनी सावली होती, तिसऱ्यावर दोन.

“आता चुकणारच,” शकूर म्हणाला. “समुद्राच्या तळाशी उजेड तो किती असणार?”

“शकूरमिया,” कांगा म्हणाले, “तू आज जन्मात पहिल्यांदा कामाचं बोललास, आणि तुला पत्ता नाही.”

फरहाद सीमाबी सोसायटीतल्या बंगल्यात राहत. दाराला नवा कोरा ताईत लटकत होता आणि कुलपं दोन होती. माणूस रेशमी गाऊनमध्ये होता, पण डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

होय, विहीर मीच लिहितो, ते म्हणाले. पानं कुणाकडून लिहून घेता, असं विचारल्यावर त्यांनी तो खाजगी मामला असल्याचं सांगितलं. शकूरला राहवलं नाही. एवढा मोठा लेखक पुन्हा कधी भेटणार? विहिरीकाठची ती बाई डाव्या हातानं पाणी का पीत नाही, हे त्यानं भीत भीत विचारलं.

“ते… ते पुढे कळेल.”

“पण ते मागेच येऊन गेलंय, साहेब. उजव्या हातात दोर असतो, डाव्यानं पिणं पाप, म्हणून ती स्वतःहून पाणीच पीत नाही. लोक पाजतात.”

सीमाबींनी कपाळाचा घाम पुसला. निघताना त्यांनी कांगांची बाही धरली आणि कुजबुजत विचारलं, मेलेला माणूस आपलं उरलेलं काम पुरं करायला येतो का हो?

“तुमच्याकडे आला तर तुम्हाला कळेलच,” कांगा म्हणाले.

बाहेर येऊन शकूर झपाझप चालू लागला. त्याचं दैवत त्याच्या डोळ्यांदेखत मातीचं निघालं होतं.

तसनीमबींचं घर किमाडीला, मासळी उतरवण्याच्या धक्क्यामागे. दोरीवरच्या कपड्यांना, उशांना, अगदी चहाच्या कपालाही समुद्राचा वास. घरच्या माणसांना त्या वासाचं काही नव्हतं, जन्म तिथेच गेलेला.

मुलगी दुरदाना खाली बसून मसूर निवडत होती. उजवा गुडघा वर, त्यावर ताट, आणि बोटं झरझर चालत होती. बोटं नखांच्या मुळांपर्यंत गडद मेंदीनं रंगलेली. शकूरला राग आला. बापाचा पत्ता नाही, आईची मनगटं उघडी, आणि पोरीला शृंगार सुचतोय.

कांगांनी तिला फक्त एकच विचारलं, अब्बा घरी काम करायचे का.

“संध्याकाळी करायचे. मी शाई घोटून द्यायची,” ती म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली.

कोपऱ्यात एक ताट वाढून झाकून ठेवलं होतं. परतताना शकूरनं मागे पाहिलं. दार नुसतं लोटलेलं होतं, आणि वाऱ्यानं ते थोडं उघडत होतं, पुन्हा मिटत होतं.

शुक्रवारी नमाजनंतर, छापखाना बंद असताना, सीमाबींसकट सगळे मुन्शीजींच्या खोलीत जमले. उशीजवळ कुणी बसेना. तसनीमबी दाराशी बसल्या, रुमालाचं गाठोडं मांडीवर. दुरदाना त्यांच्या मागे.

“चुकीपासून सुरू करतो,” कांगा म्हणाले. “दुसऱ्याचं लिहिलेलं उतरवताना कातिबाची नजर उडी मारते. मुन्शीजींचीही मारायची. वाघात, यकृतात, सगळीकडे. मग वर्षानुवर्षं विहिरीत एकदाही का नाही? कारण विहीर ते उतरवतच नव्हते. समोर मूळ कागद नसेल तर नजर उडी मारणार कुठे? गोष्ट त्यांच्या डोक्यातून थेट पानावर उतरत होती.”

मग हाशिमसाहेबांची मान सावकाश सीमाबींकडे वळली.

“यांना स्वतःच्या नायिकेची तहान ठाऊक नाही,” कांगा म्हणाले. “आयत्या बिळावरचा नागोबा. बिळाचा मालक गेला आणि तरी आतून आवाज येतोय म्हटल्यावर याला ताईत बांधावा लागला.”

सीमाबींनी नाकारलं नाही. ते खाली बघत म्हणाले, “मुन्शीजी आधी तुमच्याकडेच आले होते, हाशिमसाहेब. तुम्ही हसून म्हणालात, कातिबानं लिहावं, रचू नये. म्हणून ते माझ्याकडे आले. माझं नाव होतं, त्यांच्याकडे गोष्ट होती.”

हाशिमसाहेबांना ते आठवत असावं. त्यांनी उशीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

“आता नवी पानं,” कांगा म्हणाले. “त्यांत चिप्प्या आहेत. म्हणजे लिहिणाऱ्यासमोर कच्चा कागद होता, त्यावरून तो उतरवत होता, चुकला की ताडून बघत होता. ज्या माणसाला या गोष्टीसाठी कधी कच्चा कागद लागला नाही, त्याला तो मेल्यावर का लागावा? तसनीमबी, हात त्यांच्यासारखा आहे, पण तो त्यांचा नाही. मुन्शीजी त्या होडीबरोबरच गेले. मला माफ करा.”

तसनीमबींनी मान हलवली, जणू कुणी चहा विचारला होता.

“मग लिहितं कोण?” यामीननं विचारलं.

“तू नाहीस. ओळी वर चढतात, म्हणजे गुडघ्यावर लिहिलेलं आहे. कापडाला समुद्राचा वास आहे, तो कबरीतला नाही, किमाडीतल्या घरातला आहे. आणि सुतकी घरात एका मुलीची बोटं मेंदीनं रंगली आहेत, कारण काजळाची शाई धुऊन जात नाही, ती मेंदीखाली झाकावी लागते. ती मसूर निवडायलासुद्धा उजवा गुडघा वर करून बसते. शाई घोटता घोटता ती सगळंच शिकली.”

दुरदानानं हात ओढणीत घेतले. मग बाहेर काढून मांडीवर ठेवले.

“अम्मीनं अन्न सोडलं होतं,” ती म्हणाली. “अब्बा रोज मला सांगायचे, उद्या काय लिहिणार ते. त्यांनी सांगितलेलं मी आधी वहीत आठवून काढलं, मग त्यांच्या हातानं लिहिलं. अंक आला तशी अम्मी जेवली. मग मी थांबू कशी? थांबले असते तर अब्बांना मीच मारल्यासारखं झालं असतं. पण आता सांगितलेलं संपलंय. शेवट त्यांनी मला कधी सांगितला नाही. रोज रात्री वाटायचं, आता अब्बा स्वतः येऊन सांगतील.”

शकूरनं तिच्या मेंदीकडे पाहिलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

खाली रस्त्यावरून ट्राम गेली, दौतीचं झाकण थरथरलं.

“मला सांगितलाय,” तसनीमबी म्हणाल्या. “पहिलं पान लिहिलं त्याच दिवशी. ती बाई शेवटी दोर सोडून देते. आणि सोडल्याबरोबर हाक थांबते. कारण हाक त्याची नव्हतीच, पोरी. तो पहिल्याच दिवशी गेला होता. तिनं ताणून धरलेला दोर काठावर घासत होता, तोच आवाज. मी भांडले यांच्याशी. म्हटलं, असा शेवट करू नका, बाया रडतील. तर म्हणाले, रडू देत, रडल्याशिवाय तिला तहान लागायची नाही.”

त्यांनी रुमाल सोडला. मागे वळून लेकीचा हात धरला आणि बांगड्या एकेक करून तिच्या मनगटात चढवल्या.

“लिहिताना वाजतील, तेव्हा काढून ठेव,” त्या म्हणाल्या. “आणि यांच्या हातानं नको. तुझ्या हातानं लिही. नाव यांचं घाल.”

एवढं बोलून त्या पदरात तोंड घालून रडू लागल्या. यामीननं सगळ्यांना खुणेनं बाहेर काढलं.

जयंती अंकात ‘बंद विहीर’चा शेवट आला. अक्षर नवं होतं, ओळी केसभर वर चढत होत्या, आणि वर नाव होतं शफकत हुसेन. ‘सुरखाबची वाटचाल’ हाशिमसाहेबांनी पहिल्या वाक्यापासून पुन्हा लिहिली होती, आपलं ते हसणंही त्यात लपवलं नव्हतं. सीमाबींचं नाव कुठेच नव्हतं. कांगांनी इतिहास वाचला आणि शकूरनं शेवट.

संध्याकाळी एक अंक घेऊन शकूर किमाडीला गेला. तसनीमबी इद्दतीला बसल्या होत्या, तेव्हा अंक दारातूनच द्यायचा होता. दार लोटलेलंच असेल या समजानं त्यानं ते ढकललं.

ते उघडलं नाही. आतून कडी लावलेली होती. आत कुणीतरी जेवत असल्याचा, ताटवाटीचा आवाज येत होता. शकूर थोडा वेळ तसाच उभा राहिला, आणि मग त्यानं कडी वाजवली.